एचआयव्ही निगेटिव्ह रुग्णातील कापोसी सार्कोमा : आपण कोठे चुकतो?



आपल्या त्रैमासिकात आपण बहुधा यशस्वी चिकित्सेचे अनुभव लिहितो. जीर्ण व्याधी बरा झाला, इतरत्र निराश झालेला रुग्ण आपल्याकडे येऊन सुखी झाला, असे लेख वाचावयास आवडतात आणि ते लिहिलेही पाहिजेत. परंतु ज्या रुग्णाच्या बाबतीत आपण चुकलो, त्याची हकीकत लिहिण्याचा प्रघात आपल्यात फारसा नाही. प्रस्तुत लेखात आमच्या हातून झालेल्या अशाच एका दिरंगाईविषयी लिहावयाचे आहे. त्यातून आमचे जे मत बनले, ते आपणांपुढे विचारार्थ ठेवीत आहोत.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. गिरणीतून निवृत्त झालेले सत्तरीचे एक गृहस्थ सोलापुरातील आमच्या चिकित्सालयात आले. डाव्या घोट्याच्या आतील बाजूस जांभळट काळसर रंगाचे दोन-तीन डाग होते. खाज नव्हती, वेदना नव्हती, स्रावही नव्हता. सायंकाळी पाय जड होतो एवढीच तक्रार होती. आम्ही पाय पाहिला, नाडी पाहिली आणि वातरक्ताचे निदान केले. व्याधीचा आरंभ पायापासून झालेला, त्वचेचा वर्ण बदललेला आणि वय उतारीचे, या गोष्टी आम्हांस पुरेशा वाटल्या. कैशोर गुग्गुळ, मंजिष्ठादि काढा आणि वरून लेप अशी योजना केली. पुढे दोनदा जळवा लावल्या. दुसऱ्या वेळी रक्त थांबण्यास अपेक्षेपेक्षा बराच अधिक वेळ लागला. तो इशारा होता, पण आम्ही तो ओळखला नाही.

रुग्ण श्रद्धाळू होता. दर पंधरवड्यास न चुकता येत असे. आठव्या महिन्यात डागांच्या जागी घट्ट गाठी झाल्या होत्या, पायावर कायमची सूज आली होती आणि उजव्या पायावरही दोन नवे डाग दिसू लागले होते. तेव्हा कोठे आम्ही त्यांस त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठविले. गाठीचा तुकडा तपासणीस गेला. मधल्या काळात एचआयव्हीची चाचणी झाली व ती निगेटिव्ह आली. "मग ते नसणार," असे आम्हीही म्हणून गेलो. चार दिवसांनी बायॉप्सीचा अहवाल आला : कापोसी सार्कोमा.

पुढे जे घडले ते अधिक क्लेशदायक होते. मुलाने ते नाव भ्रमणध्वनीवर शोधले. 'एड्सचा कर्करोग' एवढेच त्याने वाचले आणि त्याच रात्री वडिलांचे ताट व अंथरूण वेगळे केले. चाचणी निगेटिव्ह असल्याचा कागद घरात असूनही आठवडाभर त्या वृद्धास वाळीत टाकल्यासारखे राहावे लागले. निदानास उशीर आमच्यामुळे झाला आणि निदानाचा अर्थ वेळीच समजावून न सांगण्याचा दोषही आमचाच.

एड्सहून जुना रोग

या प्रसंगानंतर आम्ही या रोगाचा इतिहास वाचला, तेव्हा आमच्या गैरसमजाचे मूळ सापडले. मोरित्झ कापोसी हे व्हिएन्ना येथील त्वचारोगतज्ज्ञ. त्यांनी १८७२ साली पाच रुग्णांच्या आधारे या रोगाचे प्रथम वर्णन केले. एड्सची चाहूल जगास लागली ती १९८१ मध्ये. त्या वर्षीच्या ३ जुलै रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने न्यूयॉर्क व कॅलिफोर्नियातील २६ समलैंगिक पुरुषांत हा अर्बुद आढळल्याचे प्रसिद्ध केले. एरवी वृद्धांत क्वचित दिसणारा रोग तरुणांत दिसू लागला, म्हणूनच तज्ज्ञ सावध झाले. एचआयव्हीचा शोध त्यानंतर, १९८३ मध्ये लागला.

म्हणजे शंभरांहून अधिक वर्षे हा रोग एड्सविना अस्तित्वात होता. असे असता 'एचआयव्ही नाही, म्हणून कापोसी नाही' हा तर्क कसा टिकावा? १९९४ मध्ये युआन चँग व पॅट्रिक मूर या दाम्पत्याच्या गटाने या अर्बुदाशी निगडित विषाणू शोधून काढला. त्यास मानवी हर्पीस विषाणू ८ असे म्हणतात. हा विषाणू एचआयव्हीहून सर्वस्वी भिन्न आहे. तो शरीरात शिरला म्हणून प्रत्येकास अर्बुद होत नाही. रोगप्रतिकारशक्ती क्षीण झाली की त्यास वाव मिळतो. एचआयव्ही हे प्रतिकारशक्ती क्षीण करणारे एक कारण झाले. ते एकमेव कारण नव्हे.

आधुनिक ग्रंथांत या रोगाचे मुख्यतः चार प्रकार सांगितले आहेत. भूमध्य सागराच्या परिसरातील व पूर्व युरोपातील वृद्ध पुरुषांत दिसणारा, संथ गतीचा अभिजात प्रकार हा पहिला. आफ्रिकेच्या काही भागांत पूर्वापार आढळणारा प्रकार दुसरा. तो बालकांतही दिसतो. अवयव प्रत्यारोपणानंतर किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दीर्घकाळ घेतल्याने होणारा तिसरा आणि एचआयव्हीसह येणारा चौथा. चारांपैकी तीन प्रकारांत एचआयव्हीचा संबंध नाही, हे ध्यानात घ्यावे. भारतात हा अर्बुद सर्वच रुग्णांत विरळ आहे. परंतु विरळ म्हणजे अशक्य नव्हे. उलट, जे विरळ असते तेच डोळ्यांसमोरून निसटते.

काय पाहावे?

एचआयव्ही नसलेल्या रुग्णात या रोगाचा आरंभ बहुधा पावलावर, घोट्याशी वा पोटरीवर होतो. प्रथम सपाट डाग, मग किंचित उंचावलेला चट्टा आणि पुढे घट्ट गाठ असा क्रम असतो. ग्रंथांतील चित्रे गोऱ्या त्वचेची असतात, त्यांत रंग लालसर जांभळा दिसतो. आपल्याकडील सावळ्या त्वचेवर तोच डाग तपकिरी काळपट दिसतो आणि म्हणून फसगत होते. काचेच्या पट्टीने दाबून पाहिले असता तो पूर्णपणे फिका पडत नाही. खाज व वेदना बहुधा नसतात, त्यामुळे रुग्णही निश्चिंत राहतो. पुढे लसीका साचून पाय सुजतो. अशा रुग्णाचे तोंड उघडून टाळू व हिरड्या अवश्य पाहाव्यात, कारण तेथेही जांभळे डाग आढळू शकतात. क्वचित अन्नमार्ग व फुप्फुसे यांतही रोगाचा शिरकाव होतो. म्हणून काळे मल, खोकल्यातून रक्त अथवा श्वासकष्ट यांविषयी विचारावे.

याच्यासारखे दिसणारे विकार पुष्कळ आहेत. फुगलेल्या शिरांमुळे घोट्याभोवती येणारा काळेपणा, महारोगाच्या गाठी, मदुरा पाद, त्वचेचा क्षय, सहज रक्त येणारी मांसल पुळी, लायकेन प्लॅनस आणि तळपायावरील काळा, घातक मेलॅनोमा, ही सर्व नावे मनात आली पाहिजेत. यांपैकी नेमके कोणते, हे केवळ डोळ्यांनी ठरविता येत नाही. आम्हांस आले नाही आणि अनुभवी त्वचारोगतज्ज्ञही ते ठरवीत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली लांबट टोकदार पेशी, त्यांच्यामधील फटींसारख्या रक्तवाहिन्या व बाहेर सांडलेल्या रक्तपेशी दिसल्या आणि विशेष रंजनाने हर्पीस ८ चा अंश सिद्ध झाला, म्हणजे निदान पक्के होते.

शास्त्र काय सांगते?

येथे काही वैद्यबंधू म्हणतील की, आपल्या शास्त्रात रक्तार्बुद आहे, मग बायॉप्सीचा आग्रह कशासाठी? सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात अर्बुदाचे सहा प्रकार वर्णिले आहेत आणि त्यांतील रक्तार्बुद व मांसार्बुद असाध्य म्हटले आहेत. हे वर्णन आम्हांस शिरोधार्य आहे. परंतु आम्ही त्या रुग्णाच्या पायावर रक्तार्बुद ओळखला नव्हता. आम्ही वातरक्त म्हणालो होतो. दोष शास्त्राचा नव्हता. जे नाव प्रथम सुचले त्यावर आम्ही थांबलो, हा आमचा दोष होता.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात याविषयी फार मोलाचा विचार मांडला आहे. एखाद्या विकारास नाव देता आले नाही तरी वैद्याने लज्जित होऊ नये, कारण सर्वच विकारांची नावे निश्चित नसतात. मात्र विकाराची प्रकृती, त्याचे अधिष्ठान व हेतू जाणूनच चिकित्सा आरंभावी, असा त्याचा आशय. आम्ही नेमके याच्या उलट वागलो. नाव चटकन दिले आणि अधिष्ठान व हेतू यांचा शोध अर्धवट सोडला. बायॉप्सी ही आमच्या मते दर्शनपरीक्षेचाच पुढचा टप्पा आहे. जे डोळ्यांस दिसत नाही ते काचेच्या साहाय्याने पाहिले, तर त्यात परशास्त्राचे दास्य कसले?

या संदर्भात एक गोष्ट आग्रहपूर्वक सांगतो. निदान न झालेल्या जांभळ्या वा काळ्या गाठीवर रक्तमोक्षण, क्षारकर्म किंवा अग्निकर्म करू नये. रक्तवाहिन्यांनी भरलेल्या अर्बुदास जळू लावल्याने रक्तस्राव होतो. क्षार अथवा अग्नी यांनी ऊतक जळून गेल्यावर विकृतिशास्त्रज्ञासही त्यातून नीट अर्थ काढता येत नाही. या कर्मांस आपल्या शास्त्रात मानाचे स्थान आहे. म्हणूनच ती निदानापूर्वी वापरून बदनाम करू नयेत.

हेतू : पुडीतील भुकटी

आता त्या रुग्णाच्या हेतूकडे वळतो, कारण या लेखातील सर्वांत बोचरा भाग तोच आहे. अहवाल आल्यावर त्वचारोगतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला, "हे आणखी काय घेतात?" आठ महिन्यांत हा प्रश्न आम्ही विचारला नव्हता. दम्यासाठी ते कित्येक वर्षे जत्रेतील एका विक्रेत्याकडून 'जडीबुटी'च्या पुड्या आणीत होते. पुडीवर नाव नव्हते, घटकांची यादी नव्हती, परवाना क्रमांकही नव्हता. तपासणीत त्या भुकटीत स्टेरॉइड निघाले. त्यांचा चेहरा गोल व भरलेला दिसे, तो आम्ही प्रकृती सुधारल्याचे लक्षण समजलो होतो. हातांवरील काळेनिळे डाग आम्ही वयाच्या खात्यावर टाकले होते.

दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांत कापोसी सार्कोमा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. असे क्वचितच घडते, हे खरे. परंतु त्यातील आशेची बाजू अशी की, प्रतिकारशक्ती दाबणारे औषध कमी केल्यावर हा अर्बुद पुष्कळदा ओसरतो. इटलीतील मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या १५ रुग्णांचा अभ्यास २००५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत सायक्लोस्पोरिन थांबवून सिरोलिमस हे औषध दिल्यावर तीन महिन्यांत सर्वांच्या त्वचेवरील विकृती नाहीशा झाल्या. आमच्या रुग्णाचेही स्टेरॉइड फिजिशियनच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करण्यात आले, काही गाठींस किरणोपचार दिले गेले, डाग पुसट झाले. पायाची सूज मात्र राहिली. आठ महिने आधी पाठविले असते तर कदाचित तीही टळली असती.

येथे सावधगिरीची एक सूचना. पुडीत स्टेरॉइड असल्याचा संशय आला तरी ती एकाएकी बंद करावयास सांगू नये. दीर्घकाळच्या वापराने शरीराची स्वतःची ग्रंथी मंदावलेली असते. औषध अचानक तुटल्यास जीवास धोका संभवतो. तसेच प्रत्यारोपण झालेल्या रुग्णास त्याची औषधे सोडण्याचा सल्ला कदापि देऊ नये आणि मूत्रपिंडतज्ज्ञांस कळविल्याविना आपलीही औषधे सुरू करू नयेत.

औषधविक्रेत्या बंधूंस

आपल्या वाचकांत औषधालयांचे चालक मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावयाचे तर, रोग्याचा पहिला वैद्य पुष्कळदा दुकानाच्या काउंटरमागेच उभा असतो. "ती कालची ट्यूब द्या," असे म्हणत पायावरील डागास स्टेरॉइडचे मलम नेणारा मनुष्य आपण रोज पाहतो. पोटात घ्यावयाची स्टेरॉइडे परिशिष्ट 'एच'मध्ये आहेतच. क्लोबेटासोल, बीटामेथासोन आदी लावावयाच्या स्टेरॉइडांनाही २०१८ मध्ये त्यात घालण्यात आले. चिठ्ठीवाचून ती देणे नियमबाह्य आहे आणि रोगाचे रूप झाकणारेही आहे.

दुसरी बाब आपल्याच मालाची. १९४० च्या औषधे व सौंदर्य प्रसाधने कायद्यात आयुर्वेदीय औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, भेसळ हा त्यात गुन्हा आहे आणि वेष्टनावर घटक व उत्पादन परवाना क्रमांक असणे आवश्यक आहे. ज्या चूर्णाने वर्षानुवर्षांचा दमा वा सांधेदुखी एका रात्रीत थांबते, त्या चूर्णाविषयी आनंदापूर्वी शंका यावी. अशा मालावर लाभ अधिक सुटतो, हे आम्हांसही ठाऊक आहे. परंतु एक भेसळयुक्त पुडी पकडली गेली की वृत्तपत्रात छापून येते ते 'आयुर्वेदिक औषधात स्टेरॉइड' असेच. विक्रेत्याचे नाव लोक विसरतात, आयुर्वेदाचे विसरत नाहीत. संशयित माल अन्न व औषध प्रशासनाच्या नजरेस आणणे हे आपल्याच शास्त्राचे रक्षण आहे. तसेच कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातीस १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याने मनाई आहे. 'सर्व प्रकारच्या गाठी विरघळविणारे' अशी पाटी लावण्यापूर्वी याचे स्मरण ठेवावे.

रुग्ण हातचा जाईल काय?

आपल्या मनातील खरी अडचण आम्ही जाणतो. रुग्णास अन्यत्र पाठविले की तो परत येत नाही, अशी भीती असते. महाराष्ट्रात आपल्यापैकी अनेकजण आधुनिक औषधेही लिहितात. तेव्हा 'मलाच कळत नाही' असे म्हणणे कमीपणाचे वाटते. आमचा अनुभव निराळा आहे. तो रुग्ण आजही पथ्यापथ्य विचारावयास आमच्याकडेच येतो. आम्ही चूक कबूल केली, त्यामुळे त्याचा विश्वास उणावला नाही. अर्बुदावरील उपचार तज्ज्ञांनी करावेत. आहार, झोप, मलप्रवृत्ती व बल यांची काळजी त्यांच्या संमतीने आपण घ्यावी, यात आपला मान राहतो आणि रुग्णाचे हितही.

अंतराची सबबही आपल्या जिल्ह्यात फारशी टिकणारी नाही. शहरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्यास संलग्न सर्वोपचार रुग्णालय आहे. बार्शीस नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गावागावांतून कर्करोगाची नोंद करणारी देशातील पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ मध्ये तेथेच सुरू झाली. खेड्यातील कर्करोग मोजला जाऊ शकतो, हे ज्या भूमीने देशास दाखविले, तेथील वैद्याने 'आमच्याकडे असले रोग नसतात' असे म्हणावे, हे शोभत नाही.

एचआयव्हीच्या चाचणीविषयीही दोन शब्द. कापोसीचा संशय आल्यास ही चाचणी झालीच पाहिजे. पण ती रुग्णाच्या संमतीने व समुपदेशनासह. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या २०१७ च्या कायद्याने संमती व गोपनीयता बंधनकारक केली आहे. निकाल निगेटिव्ह आला तर 'हा तो रोग नाही' असे म्हणू नये आणि बायॉप्सी टाळू नये; नुकत्याच झालेल्या संसर्गाची शक्यता असल्यास चाचणी पुन्हा करावी. निकाल पॉझिटिव्ह आला तरी तो मनुष्य तितक्याच सन्मानास पात्र आहे. ताट-अंथरूण वेगळे करण्याचे कारण तेव्हाही नसते. ही गोष्ट घरच्यांस समोर बसवून आपणच सांगितली पाहिजे, कारण आपण न सांगितलेले ते भ्रमणध्वनीवर शोधतात.

आमची सूचना

आपल्या संघटनेने पुढील नियम स्वीकारावा, असे आमचे नम्र मत आहे. पायावरील अथवा अन्यत्र असलेला कारण न कळणारा जांभळा वा काळपट डाग पहिल्याच भेटीत मोजून व छायाचित्र घेऊन नोंदवावा. रुग्ण घेत असलेली सर्व औषधे, पुड्या व मलमे पिशवीसह मागवून पाहावीत. डाग वाढत असेल, गाठ झाली असेल, रक्त येत असेल अथवा तो तळपायावर काळा असेल, तर एक दिवसही न दवडता तज्ज्ञांकडे पाठवावे. इतरांस फार तर चार आठवडे द्यावेत. तेवढ्यात स्पष्ट फरक न पडल्यास औषध बदलण्यापूर्वी बायॉप्सी करून घ्यावी. आणि बायॉप्सीपूर्वी जळू, क्षार व अग्नी यांना हात लावू नये. संघटनेच्या पुढील मासिक सभेत एखाद्या त्वचारोगतज्ज्ञास बोलावून सावळ्या त्वचेवरील अशा डागांची चित्रे सभासदांस दाखवावीत, अशीही विनंती आहे.

कापोसी सार्कोमाचा रुग्ण आपल्यापैकी बहुतेकांस आयुष्यात एकदाही भेटणार नाही. परंतु या नियमाने महारोग, त्वचेचा क्षय, मेलॅनोमा आणि पुडीतील स्टेरॉइड हेही वेळीच सापडतील. ते तर आपल्या दारात वारंवार येतात. आमच्या त्या रुग्णाने आम्हांस एकदाही दोष दिला नाही. एवढेच म्हणाले, "वैद्यबुवा, तुम्ही विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी पुडी दाखवली असती." त्यांचे हे वाक्य आम्ही आमच्या रुग्णनोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

इत्यलम्.